लेटरहेडवर आणा

आज माझी अर्धवेळ पीएचडीची फाइल विद्यापीठातून तिसऱ्यांदा परत आली. वर हिरव्या शाईत शेरा: "नोकरी करीत असलेल्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे."

मी पेटी वाजवते. सोळा वर्षं झाली. माझ्या फेसबुकच्या यादीतल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी साथ केली आहे, त्यामुळे मी काय करते हे तुम्हाला सांगायला नको. मला नोकरी नाही, कधीच नव्हती. हे मी काउंटरवरच्या सरांना शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "मग मॅडम, जिथे वाजवता तिथलं आणा. लेटरहेडवर. सही-शिक्का." म्हटलं, सर, मी वर्षाला शंभरेक ठिकाणी वाजवते. "कुठलंही एक चालेल."

कुठलंही एक! म्हणजे गणेशोत्सव मंडळाचं चालेल? अध्यक्ष देतीलही हो, वर्गणीच्या पावतीमागेच शिक्का मारून देतील. पण त्या कागदावर लिहायचं असतं की या उमेदवाराला अभ्यासासाठी पुरेसा वेळ दिला जाईल. गणपतीच्या दहा दिवसांत मला वेळ कोण देणार, खुद्द बाप्पा?

आणि गंमत म्हणजे हाच नियम आला तेव्हा मी पेढे वाटले होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला रीतसर जागा आहे. मला वाटलं, झालं, आपल्यासारख्यांची सोय झाली. प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर भागलं, म्हणून बिनधास्त होते. आता कळलं की अर्धवेळ म्हणजे उरलेला अर्धा वेळ कुठल्या तरी साहेबाच्या मालकीचा असायला हवा. माझा उरलेला वेळ माझाच आहे. तेवढंच चुकलं.

जेआरएफ (पूर्णवेळ संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) का नाही घेतलीस, असं विचारणाऱ्यांसाठी: त्याला वयाची अट ३०, बायकांना ५ वर्षांची सवलत. मी आले ३६ व्या वर्षी. आणि मिळाली असती तरी महिना ३७ हजारांवर बाहेरची पगारी कामं सोडून बसायचं. विषय काय, तर मैफलीतली पेटीची साथ. मैफली बंद करून मैफलीवर संशोधन! विहिरीत न उतरता पोहण्यावर प्रबंध.

कोजागिरीची गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण आज ती परत सांगणार. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुढे सरका.

गेल्या वर्षी कोजागिरीला मुलुंडला एका गच्चीवर बैठक होती. माइक नाही, समोर पन्नास माणसं, मसाला दूध. गाणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. (नाव लिहीत नाही, त्यांना फेसबुकचा तिटकारा आहे.) पहाटे अडीचच्या सुमारास राग बागेश्री रंगला होता. बाई मध्यमावर, म्हणजे 'म'वर, आल्या आणि श्वास संपला. म्हणजे खरंच संपला, ठरवून घेतलेली जागा नव्हती. अशा वेळी पेटीवाल्याचा हात शिवशिवतो. पोकळी दिसली की भरायची, ही आमची खोडच. मी बोट मध्यमावर तसंच ठेवलं आणि भाता इतका हळू केला की सूर नुसता उंबरठ्यावर उभा राहिला. बाईंनी श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि त्याच मध्यमावरून पुढे निघाल्या. श्रोत्यांना काही कळलं नाही. हेच तर साथीदाराचं काम, की काही कळू नये.

चारला बैठक संपली. साडेदहाला पीएचडीच्या कोर्सवर्कची परीक्षा, विषय संशोधन पद्धती. डोंबिवलीला घरी जाऊन परत यायला वेळच नव्हता. यजमानांकडे तासभर पडले, तोंड धुतलं आणि त्याच इरकलीत, सुकलेल्या गजऱ्यासकट, पेटी घेऊन निघाले. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात पेटी घेऊन चढायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून लगेजच्या डब्यात चढले. भाजीच्या करंड्या, रिकामे टब, पत्र्याचे डबे आणि मी. एक मामा म्हणाले, "ताई, लग्नाहून का?" म्हटलं हो. सांगत कोण बसणार?

परीक्षेच्या हॉलमध्ये पेटी नेऊ देईनात. "मोठं सामान बाहेर." बाहेर कुठे? व्हरांड्यात? ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस तिरका आत येत होता. माझी पेटी खर्ज-नर (जाड आणि मधल्या आवाजाच्या सुरांची जोडी), जुन्या सुरांची, थोडी ओल लागली तरी पट्ट्या अडकतात. शेवटी खालच्या वॉचमनकाकांनी आपल्या केबिनमध्ये ठेवून घेतली. खुर्चीवर पेटी ठेवली आणि स्वतः तीन तास स्टुलावर बसले.

पेपरात पहिलाच प्रश्न: सहभागी निरीक्षण म्हणजे काय ते सांगून त्याच्या मर्यादा स्पष्ट करा. १० गुण.

मला हसू आवरेना. आठ तासांपूर्वी मी एक आख्खी रात्र सहभागी होऊन निरीक्षण करत होते! आणि लिहिलं काय? नोट्समध्ये होतं ते. चार मर्यादा, एकाखाली एक. गच्चीवरचा मध्यम कुठे लिहिणार? तसं लिहून गुण मिळत नाहीत हे मला चांगलं ठाऊक होतं. पास झाले, बऱ्यापैकी गुणांनी.

पुढे तो प्रसंग प्रकरणात घालायचा प्रयत्न केला. माझ्या गाइड खरंच चांगल्या आहेत, हा राग त्यांच्यावर नाही. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सुंदर आहे गं. पण संदर्भ काय देणार?" काय देणार? कोजागिरी, मुलुंड, पहाटे अडीच, अस्मादिक?

बरोबर आहे त्यांचं. उद्या कोणीही उठेल आणि "मला असं जाणवलं" म्हणून प्रबंध लिहील. आणि हजेरी, सह्या, प्रमाणपत्रं का लागतात तेही मला कळतं. नावापुढे डॉ. लागावं एवढ्यासाठी नोंदणी करून गायब होणारे आपल्याच क्षेत्रात आहेत, इथेही आहेत, आणि ते या पोस्टला बदाम टाकतील. असो.

पण म्हणून जे रात्री खरंच काम करतात त्यांच्याकडे चोरासारखं पाहायचं? परवाच्या सादरीकरणात समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय, वाजवता की अभ्यास करता?" मी आवंढा गिळून "दोन्ही" म्हटलं. घरी येईपर्यंत त्याची सतरा उत्तरं सुचली. सर, मी वाजवते तेव्हाच अभ्यास करते. तुम्ही ज्याला अभ्यास म्हणता, तो मी नंतर टाइप करते, इतकंच.

आणि पेटीला दाराबाहेर ठेवायची आपली परंपरा जुनी आहे बरं का. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, श्रुती लागत नाहीत, गाणं बिघडवतं. आक्षेप सगळेच खोटे नव्हते, मींड नाहीच निघत. पण त्या तीस वर्षांत मैफलींत पेटी वाजतच होती, मोठमोठे गवई शेजारी पेटी घेऊन बसतच होते. कागदावर नाही, गाण्यात आहे. माझ्या दुसऱ्या प्रकरणात हे सगळं तळटीपांसकट आहे. वॉचमनच्या केबिनमधली पेटी मात्र नाही, कारण संदर्भ काय देणार?

आता आपल्या लोकांबद्दल. इथे मला जास्त लागतं, कारण तिकडचे निदान परके आहेत. "तुझा अभ्यास असेल ना, म्हणून दुसऱ्याला सांगितलं." हे वाक्य मी या वर्षी पाच वेळा ऐकलं. कोकणचा चार दिवसांचा दौरा असाच गेला. अरे, विचारा तरी! नाही म्हणायचं तर मी म्हणेन ना. आणि हेच लोक निवेदकाला चिठ्ठी देतात, "पेटीवर साथ करतायत, लवकरच डॉक्टर होणाऱ्या..." टाळ्या. नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाची बिदागी, मात्र तीन वर्षांपूर्वीचीच. मागच्या महिन्यात एका आयोजकाने पाकीट हातात ठेवत म्हटलं, "तुम्हाला काय, आता प्रोफेसरकी मिळेल." म्हणून पाकीट हलकं का?

गायिका प्रभाताई अत्र्यांचं उदाहरण कृपया कोणी देऊ नका. मला पाठ आहे. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, संगीतात डॉक्टरेट, एसएनडीटीत विभागप्रमुख, आणि गाणं ते तसं. केलं त्यांनी, मान्य. मी प्रभाताई नाही. आणि मला त्यांच्याबद्दल विचारायचंय ते वेगळंच: कार्यक्रमाहून रात्री घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी तास असताना, त्यांना झोप लागायची का? मला लागत नाही. कानात सूर चालूच असतो आणि डोळ्यांसमोर तळटीपा.

आई म्हणते, सोड एक काहीतरी. कुठलं ते सांगत नाही. रात्री कितीही वाजता आले तरी ताटावर ताट झाकलेलं असतं आणि शेजारी माझ्या प्रबंधाची प्रिंट, तिने वाचून शुद्धलेखन सुधारलेली. बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. पेन्सिलने "संवादिनी" शब्दाचा दुसरा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते आणि खाली लिहिते, "जेवून झोप."

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पुसत नाही पण.

आज काउंटरवरून खाली आले तर तेच वॉचमनकाका. वर्ष होत आलं, तरी ओळखलं. "आज पेटी नाही आणली?" म्हटलं, दुरुस्तीला टाकलीय, पावसाने दोन पट्ट्या बसल्यात. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं, फाइल, शेरा, लेटरहेड. शेवटी म्हटलं, काका, तुम्हीच द्या ना हरकत. ते हसले. "माझी हरकत कधी होती? पण त्या दिवशी जड होती बरं का तुमची पेटी."

तर मुद्दा असा. शुक्रवारपर्यंत कागद द्यायचाय. कोणाकडे नोंदणीकृत संस्थेचं खरंखुरं लेटरहेड असेल आणि मला "अभ्यासासाठी पुरेसा वेळ दिला जाईल" असं लिहून द्यायची तयारी असेल, तर इनबॉक्समध्ये या. बदल्यात एक बैठक फुकट वाजवेन. दोन नाही.