पाचही तारांना पाव औंस? थांबा जरा

हिवाळा आला की अमेरिकेत बास मासे पकडणाऱ्यांमध्ये एक सल्ला दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो आमच्या मराठी मित्रमंडळींतही येऊन पोचला: ‘अलाबामा रिगवर जिग हेडचा फार विचार करू नका. पाचही तारांना पाव औंसाचं हेड लावा, रिग पटकन खोल जाते. हुक मोठा घ्या, मासा सुटत नाही. बास घोळका बघून येतो, हेड बघून नाही.’

ज्यांनी ही रिग पाहिली नाही त्यांच्यासाठी: छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा, प्रत्येकीच्या टोकाला जिग हेड, म्हणजे हुकाला जडवलेला शिशाचा गोळा, आणि त्यावर चढवलेला रबरी मासा, म्हणजे स्विमबेट. पाण्यात ओढली की लहान शॅड माशांचा घोळका चालल्यासारखा दिसतो. ऑक्टोबर २०११ मध्ये पॉल इलायस यांनी अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर चार दिवसांत १०२ पौंड ८ औंस बास तोलून स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून ही रिग घरोघरी गेली.

सल्ल्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बास घोळका बघूनच येतो. पण मग तो घोळका घोळक्यासारखा पोहायला हवा ना? रबरी मासा किती वेगात, किती खोलवर आणि सरळ की तिरका पोहणार, हे ठरवतं हेडच. एकाच वाक्यात घोळक्याला मान द्यायचा आणि हेडला मोडीत काढायचं, हे जमत नाही.

आता वजन. पाव औंस म्हणजे सात ग्रॅम. पाच हेडांचे झाले पस्तीस, शिवाय तारा आणि रबर वेगळं. तेच १/८ औंसाची हेडं घेतली तर अठरा ग्रॅमच्या आत काम होतं. आपण बोलतोय ते २.८ किंवा ३.३ इंची स्विमबेटबद्दल. एवढ्याशा रबराला पाच तारांवर मिळून पस्तीस ग्रॅम शिसं बांधलं की ती रिग पोहत नाही, बुडते. थंड पाण्यात शॅड सुस्तावलेला असतो, बासही फार लांब पाठलाग करत नाही, त्यामुळे रील हळू फिरवावं लागतं. जड रिग हळू ओढली की तळाच्या वनस्पतीत रुतते. गंटर्सव्हिलला ज्यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीचे भारे उपसलेत त्यांना हे सांगायला नको. रुतू नये म्हणून माणूस रील जोरात फिरवतो आणि ज्या संथपणासाठी ही रिग हिवाळ्यात काढली, तोच हातचा जातो.

रिग खोल न्यायला वजन हा उपाय म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दहा फूट पाण्यात रिग टाकून मनात आकडे मोजले, मग रील सुरू केलं, की हलकी रिगही हव्या त्या थरात चालते. थोडा धीर लागतो, इतकंच. हां, बास पंचवीस-तीस फूट खोल तरंगत असेल किंवा वारा बोट ढकलत असेल, तर पाव औंस योग्यच. माझी तक्रार पाव औंसाशी नाही, ‘पाचही तारांना’शी आहे.

कारण सगळी हेडं एका माळेचे मणी असली की रिगला वर-खाली कळत नाही. एखादं रबर किंचित वाकडं बसलं तरी ती गरगरायला लागते. खालच्या तारांना जरा जड आणि वरच्यांना हलकं हेड दिलं की खालचं वजन होडीच्या तळासारखं काम करतं. माझी नेहमीची मांडणी: वरच्या दोन तारांना १/१६, मधल्या एकीला आणि खालच्या दोघींना १/८. एकूण अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम.

मोठ्या हुकाचं म्हणाल तर २.८ इंची रबरात ४/० चा हुक घातला की तो शेपटीच्या फार जवळ बाहेर येतो. अंग ताठ होतं, शेपूट जेमतेम हलते. तिथे १/० किंवा २/० पुरतो, ३.३ इंचीला ३/० (या मापात पहिला आकडा जितका मोठा, तितका हुक मोठा). मासा सुटतो तो बहुतेकदा हुक लहान म्हणून नव्हे, तार बारीक म्हणून. यात मी स्वतः फसलोय. दुकानात १/१६ ची जी हेडं ढिगाने मिळतात ती क्रॅपी या लहान माशासाठी असतात. त्यांचा हुक अडकल्यावर उलगडून सुटावा, अशीच त्याची बारीक तार असते. रिगला मात्र आपण जाड काठी आणि पन्नास पौंडी वेणीची दोरी लावतो. एका सकाळी दोन चांगले बास गेले आणि हातात आले दोन सरळ झालेले हुक. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘नाहीतरी सोडूनच देणार होतास ना!’ तेव्हा हेड हलकं घ्या, पण हुक जाड तारेचा बघून घ्या.

हेडची कडी, जिथे तार अडकवतात ती, नाकाच्या जितकी जवळ तितका पाला कमी अडकतो, हेही वनस्पतीच्या तलावात उपयोगी पडतं. शिशाऐवजी महागडं टंगस्टन मला इथे परवडत नाही. रिग तुटली की एकदम पाच हेडं जातात.

आणि पाच हेडं सगळीकडे चालतातच असंही नाही. टेनेसीसारख्या राज्यात रिगवर तीनच हुकांची मुभा आहे, म्हणून आधी स्थानिक नियम वाचा. तिथे वरच्या दोन तारांना हेड लावतच नाही, नुसती स्क्रूसारखी स्प्रिंग आणि तिच्यावर बिनहुकाचं रबर. उरलेल्या तिघींना १/८, म्हणजे सारं शिसं साडेदहा ग्रॅम.