‘घरी पेशंट सांभाळला असता तर…’ : नेरुळच्या वाचकांना उत्तर

ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशी वाचवू पाहतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्यावरच्या माझ्या गेल्या लेखाला नेरुळच्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचं सार असं: उंदरांवरचे जुने प्रयोग रंगवून सांगू नका, हेच प्रथिन हृदयात साचून माणसाचा जीव घेतं, ते तुम्ही लपवलंत, अमायलॉइडचं, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं, सगळं संशोधनच बनावट निघालं आहे. आणि शेवटी हे वाक्य: "घरी असा पेशंट सांभाळला असता, तर ही खोटी आशा दाखवायची हिंमत झाली नसती."

महोदय, आपण वेळ काढून लेख वाचलात, त्याबद्दल आभार. एक चूक आधीच मान्य करते. ‘उंदीर बरे झाले’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. उंदरांना माणसासारखा अल्झायमर मुळात होतच नाही. माणसातलं सदोष जनुक घालून त्यांच्या मेंदूत अमायलॉइड तयार करवतात. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता ते शेवटचं वाक्य. ते लिहिण्याआधी आपण माझ्याबद्दल काय जाणून घेतलंत? मी कोण, माझ्या घरात काय घडलं, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. लेखात घरचं काही लिहिलं नाही, म्हणजे घरी काही झालंच नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकलंत.

नौपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी आईला नऊ वर्षं सांभाळलं. पहाटे साडेचारला जाग यायची ती कडीच्या आवाजाने. आई पदर खोचून, कापडी पिशवीत सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन दारात उभी असायची. तिला आरेच्या केंद्रावर नंबर लावायचा असे. काचेच्या बाटलीतलं ते दूध बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. सुरुवातीला मी तिला समजावत बसायचे. ती चिडायची, मला ढकलायची, एकदा माझ्या हाताला चावलीसुद्धा. मग मी समजावणं सोडलं आणि चप्पल घालून तिच्यासोबत जिना उतरू लागले. फाटकापर्यंत जायचं, वॉचमनकाकांनी "आजी, आज गाडीच आली नाही" म्हणायचं, की आम्ही परत वर. घरी आल्यावर ती त्या कोरड्या बाटल्या धुवायची. तोंडातून बोट घालून गळ्यापाशी गोल फिरवायची, मग ओट्यावर पालथ्या घालायची. माझं नाव तिला आठवत नव्हतं, पण हातांना ते बोट फिरवणं येत होतं.

त्याआधीची दोन वर्षं तर एका डॉक्टरांनी "वयोमानाने होतंच" म्हणत बी-कॉम्प्लेक्सवर काढायला लावली. तेव्हा पेशंट सांभाळणं म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवू नये.

आणि ‘खोटी आशा’? प्रयोगशाळेत नोकरीला असताना मी मणक्यातल्या पाण्याचं इलेक्ट्रोफोरेसिस करायची, म्हणजे त्यातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करायची. अल्ब्युमिन या प्रथिनाच्याही पुढे पळालेला एक फिकट पट्टा दिसायचा, म्हणून त्याला प्रीअल्ब्युमिन म्हणत. हेच ट्रान्सथायरेटिन. थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक वाहून नेतं, अ जीवनसत्त्वाच्या वाहक प्रथिनाला जोडीला घेतं, एवढं वहीत लिहून मी ते विसरून गेले होते. आईच्या आजारपणात वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की हे प्रथिन अमायलॉइडला धरून ठेवतं आणि त्याचे तंतू होऊ देत नाही, हे 1994 मध्येच दिसलं होतं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात जेफ जॉन्सन यांच्या गटाला एक कोडं पडलं: सदोष जनुक घातलेल्या या उंदरांच्या मेंदूत इतकं अमायलॉइड आहे, तरी पेशी फारशा मरत का नाहीत? शोधताना त्यांना ट्रान्सथायरेटिन वाढलेलं सापडलं. 2004 मध्ये त्यांनी प्रतिपिंडं सोडून ते निकामी केलं, तेव्हा हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या पेशी मरू लागल्या. 2008 मध्ये जोएल बक्सबाउम यांच्या गटाने उलट बाजूने दाखवलं: माणसाचं ट्रान्सथायरेटिन जास्त बनवणारे असे उंदीर शिकण्याच्या चाचण्यांत सरस ठरले.

यातून आई बरी होईल असं मला एक दिवसही वाटलं नाही. पण मेंदू मुकाट्याने मरत नाही, शेवटपर्यंत झुंजतो, हे मला त्या वाचनातून कळलं. पहाटे तिचा हात धरून जिना उतरताना मला त्याचा फार आधार वाटला. तुम्हाला तो नको असेल तर नको. पण दुसऱ्या कुणाच्या हातून तो काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. हृदयाचं मला माहीत आहे. ट्रान्सथायरेटिन चार सारख्या तुकड्यांचं बनलेलं असतं. ते सुटले की त्यांची घडी बिघडते आणि ते साचतात. टाफामिडिस हे औषध ते चार तुकडे एकत्र धरून ठेवतं. लेखाचा विषय तो नव्हता, इतकंच. याला लपवणं म्हणत नाहीत. बनावट संशोधनाचं म्हणाल, तर ज्यावरून ही ओरड झाली तो 2006 चा निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट गुच्छाबद्दल होता आणि 2024 मध्ये मागे घेतला गेला. ट्रान्सथायरेटिनचा त्याच्याशी संबंध नाही. अमायलॉइड उपसणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाने दीड वर्षात ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला. हे फार नाही, पण बनावटही नाही.

आपल्या प्रतिक्रियेत "बाबांचं करताना" असे शब्द एकदा येऊन गेलेत. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ते लक्षात आलं. म्हणजे आपल्याही घरी हे चालू आहे. मग तर हे वाक्य आपल्याकडून यायलाच नको होतं.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. आपण फक्त ते एक वाक्य मागे घ्या. मग उंदरांबद्दल आपल्याशी वाटेल तेवढा वाद घालायला मी तयार आहे.