मल्टीपोर्ट चार्जरनं मोबाईल जळत नाही राजेहो, त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा घेऊ

एक मेसेज सध्या आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिलाय, गावाचा ग्रुप, शेतकरी गटाचा, शाळेच्या पालकांचा, कुठलाच सुटला नाही. वर लाल अक्षरात "सावधान" आणि खाली मुद्दे की एकाच मल्टीपोर्ट म्हणजे जास्त भोकांच्या चार्जरवर मोबाईल, टॅब, लॅपटॉप लावू नका, जास्त वॅटचा चार्जर लहान मोबाईलची बॅटरी फुगवतो, प्रत्येकाला त्याच्याच कंपनीचा चार्जर पाहिजे, घ्यायचाच असला तर सगळ्यात जास्त पोर्टवाला घ्या, वायर कोणतीही चालते, लाईन डिम असली की असा चार्जर जळतो, आणि शेवटी वीजबिलाची भीती. मी तालुक्याला मोबाईल रिपेरिंगच्या काउंटरवर बसतो, तर रोज कोणी ना कोणी हाच मेसेज समोर धरून विचारते, "भाऊ, घेऊ का नको घेऊ?" आता घरोघरी दोन-तीन मोबाईल झाले, पोराला महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब मिळाला, पोरगी कॉलेजचा लॅपटॉप घेऊन सुटीत घरी येते आणि भिंतीवर बोर्ड एकच, म्हणून लोक एका चार्जरमध्ये काम भागवायला पाहतात यात काही चूक नाही.

"65 वॅटच्या चार्जरला 18 वॅटचा मोबाईल लावला तर बॅटरी फुगते."

हा सगळ्यात जास्त फिरलेला मुद्दा आणि सगळ्यात खोटा. घरच्या बोर्डावर 9 वॅटचा बल्ब चालतो आणि त्याच बोर्डावर 1000 वॅटची प्रेसही चालते, बल्ब जळतो का? वॅटचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तेवढाच, घ्यायचं किती ते मोबाईल ठरवतो. टाईप सी पोर्टवर तर पलीकडे काही लागलं हे कळेपर्यंत व्होल्टेज येतच नाही, लागल्यावर आधी 5 व्होल्ट येतात, मग दोघांचं आपसात बोलणं होते, या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी म्हणतात, चार्जर सांगतो माझ्याकडे 5, 9, 15 आणि 20 व्होल्ट आहेत, मोबाईल म्हणतो मला 9 दे, लॅपटॉप म्हणतो मला 20 दे, आणि ज्याला जे पाहिजे तेच त्याच्या पोर्टवर येते. त्यापुढे बॅटरीत किती करंट सोडायचा हे मोबाईलच्या आतली चार्जिंग आयसी म्हणजे चिप पाहते, चार्जरचा तिथं काही संबंधच नाही.

मग बॅटऱ्या फुगतात त्या कशानं? काउंटरवर फुगलेल्या बॅटऱ्या येतात हे खरं आहे, उन्हाळ्यात जास्त येतात हेही खरं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वरून टिनाचं छप्पर, मोबाईल गादीवर उशीजवळ चार्जिंगला आणि त्यावरच पोरगा गेम खेळून राहिला, लिथियमच्या बॅटरीला याच्यापेक्षा वाईट काही नाही. चांगला मोबाईल अशा वेळी स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, आणि आपले लोक म्हणतात चार्जर बिघडला, म्हणून दुसरा लावतात. कव्हर काढा, फरशीवर ठेवा, दुपारी नाही तर रात्री उशिरा लावा, बॅटरीला फरक त्यानं पडेल.

"जितके पोर्ट जास्त तितका चांगला, प्रत्येक पोर्टला पूर्ण पॉवर मिळते."

इथं जरा थांबा, कारण पैसे बुडतात ते याच ठिकाणी. शेजारच्या काकांनी आठवडी बाजारातून पाच पोर्टचा चार्जर आणला होता, वर मोठ्या अक्षरात 30 वॅट लिहिलेलं, आणि टॅब सकाळपर्यंत अर्धाही भरत नव्हता. बंद पडल्यावर मी खोलून पाहिला तर पाचही पोर्टचे पाय तांब्याच्या त्याच दोन पट्ट्यांवर जोडलेले, मधल्या डेटाच्या पिना मोकळ्या, कोण लागलंय ते ओळखायची सोयच नाही, आणि अख्ख्या डब्याला मिळून एक लहानसा ट्रान्सफॉर्मर. मागच्या बारीक अक्षरात खरं काय ते छापलेलं होतंच, 5 व्होल्ट 3.1 अँपिअर, म्हणजे साडेपंधरा वॅट, तेही पाचात वाटून! एकाला जेमतेम तीन वॅट येतात बाप्पा.

चांगल्या कंपनीच्या चार्जरमध्येही पॉवर वाटूनच मिळते, फरक इतकाच की तो कशी वाटतो ते लिहून देतो. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि मागचा तक्ता वाचा, डोळ्यानं दिसत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. समजा 65 वॅटचा, दोन सी आणि एक ए (जुनं चौकोनी) पोर्टवाला आहे, तर तक्त्यात असं काही असते: सी1 एकटा असला तर 65, सी1 आणि सी2 दोन्ही लावले तर 45 आणि 20, तिन्ही भरले तर 45 एकाला आणि उरलेल्या दोघांना मिळून 15-20. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात पण रीत हीच. आता घरात लॅपटॉपला 45 पुरतात का ते पहा, पुरत असतील तर 65 वाला बस झाला. नसतील तर 100 वॅटच्या आसपासचा पहा, त्यातही तिन्ही पोर्ट भरल्यावर लॅपटॉपवाल्या पोर्टला किती उरतात तेच वाचायचं, एकूण आकड्यावर जाऊ नका. आणि नुसते मोबाईल आणि टॅब असतील, लॅपटॉप नसेलच, तर 65 तरी कशाला पाहिजे, 30-35 वॅटचा दोन पोर्टवालाही चालून जातो.

अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, चालू चार्जरमध्ये तुम्ही दुसरी वस्तू लावली किंवा काढली की पॉवरची वाटणी पुन्हा होते आणि बऱ्याच चार्जरमध्ये आधीच्या वस्तूचं चार्जिंग सेकंदभर तुटून परत लागते. लोक घाबरतात, घाबरू नका, तो बिघाड नाही. पण लॅपटॉपची बॅटरी पूर्ण मेलेली असेल आणि तो फक्त चार्जरवर चालत असेल तर त्या एका सेकंदात बंद पडेल आणि पोरीचा प्रोजेक्ट जाईल, एवढं ध्यानात ठेवा.

"प्रत्येक वस्तूला तिच्याच कंपनीचा चार्जर, नाहीतर वॉरंटी गेली, मोबाईल गेला."

अर्धं खरं, म्हणून जास्त धोक्याचं. ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या मोबाईलमध्ये सुपरवूक नावाची त्यांची स्वतःची पद्धत असते, डब्यातला 67 किंवा 80 वॅटचा चार्जर आणि त्याचीच वायर असली तरच तो वेग मिळतो. बाहेरच्या मल्टीपोर्टवर तोच मोबाईल हळू चार्ज होईल, पण होईल, जळणार नाही. सॅमसंगवाल्यांनी चार्जरवर पीपीएस (पीडीचाच प्रकार, व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलणारा) लिहिलंय का ते पाहायचं, ते नसलं तर 25 वॅटवाल्या मोबाईलवर "सुपर फास्ट" येत नाही, साधं फास्ट येते. ॲपलनं तर 2020 पासून आयफोनच्या डब्यात चार्जर देणंच बंद केलं, सॅमसंगच्याही बऱ्याच मोबाईलमध्ये येत नाही, मग "कंपनीचाच" म्हणजे नेमका कोणता? युरोपात डिसेंबर 2024 पासून नवीन मोबाईल आणि टॅबला टाईप सी पोर्ट कायद्यानं द्यावाच लागते, तो कायदा केलाच यासाठी की एक चार्जर सगळ्यांना चालावा.

तरी लॅपटॉपवाल्यांनो, तुम्ही नीट पाहा. लॅपटॉपला टाईप सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असं नाही, स्वस्तातल्या कित्येक लॅपटॉपमध्ये ते फक्त डेटासाठी असते आणि चार्जिंगला गोल पिनच लागते, तिथं कितीही भारी मल्टीपोर्ट आणला तरी उपयोग शून्य. गेमिंगचा लॅपटॉप असेल तर हा विचारच सोडून द्या, त्याला दीडशे-दोनशे वॅट लागतात. बाकीच्यांनी जुन्या चार्जरवर आउटपुट वाचा, 20 व्होल्ट 3.25 अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा, 65 वॅट आले.

"वायर कोणतीही चालते, करंट तर चार्जरच देतो."

हा मुद्दा ज्यानं लिहिला त्याच्या घरी सगळं हळू चार्ज होत असणार. साधी सी-टू-सी वायर 3 अँपिअरपर्यंतच असते, म्हणजे 20 व्होल्टवर 60 वॅट, तिथंच गाडी थांबली. त्याच्या वर जायचं तर 5 अँपिअरची वायर पाहिजे, तिच्या टोकात एक बारीक चिप असते, ती चार्जरला सांगते की मी एवढा करंट झेलू शकते, चिप नसली तर चार्जर 3 च्या वर जातच नाही. म्हणजे 65 वॅटचा चार्जर आणि 65 वॅटचा लॅपटॉप असूनही साध्या वायरीवर 60 च मिळतात. आणि एक टोक जुन्या चौकोनी ए पोर्टचं असलेल्या वायरीतून पीडी होतच नाही, लॅपटॉपसाठी ती विसराच.

बाजारातली लांबच लांब बारीक वायर तर आणखी वेगळं प्रकरण आहे. तिच्यात अर्धा ओहम रेझिस्टन्स असला आणि मोबाईलनं 2 अँपिअर ओढले की 1 व्होल्ट वायरीतच खर्च झाला, 5 चे 4 उरले, मोबाईल म्हणतो हे काय कामाचं आणि ओढणंच कमी करतो. चार्जर बदलायच्या आधी आखूड जाड वायर लावून पाहा, माझ्याकडे "चार्जर खराब" म्हणून येतात त्यात वायरीचीच भानगड जास्त निघते.

"लाईन डिम असली की मल्टीपोर्ट जळतो, स्टॅबिलायझर लावा."

उलटं आहे हो. चार्जरवर इनपुट वाचा, 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले, बल्ब मिणमिणू लागले, लाईन दीडशेवर आली तरी चार्जर आपलं काम करत राहतो. मारते ती जास्तीची लाईन. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात 230 च्या जागी 350-400 पर्यंतही व्होल्टेज जाऊ शकते, घरातले बल्ब अचानक भसकन जास्त उजेड देऊ लागले की समजायचं हेच झालं, तेव्हा आधी मेन बंद करा आणि मग वायरमनला फोन लावा. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडकडू लागल्या की नुसता खटका बंद करून भागत नाही, पिनच बोर्डातून काढायची, इथं मल्टीपोर्टचा फायदा आहे, एक पिन ओढली की सगळं सुटलं. तोटाही तोच, तो गेला की सगळ्यांचं चार्जिंग गेलं, म्हणून जुना साधा चार्जर फेकू नका, कपाटात असू द्या.

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या किंवा मोबाईलच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला की हलकी झिणझिण येते, फॉरवर्डमध्ये त्याला "करंट उतरला" म्हटलंय. दोन पिनेच्या चार्जरला अर्थिंग नसते आणि त्यात विजेतला नॉईज म्हणजे गडबड गाळायला एक लहान कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट गळतो, चांगल्या चार्जरमध्ये तो मर्यादेत ठेवलेला असतो. पण झटका बसला, हात मागे खेचावा लागला, तर तो चार्जर त्याच क्षणी बंद, पुन्हा लावायचाच नाही.

आणि चांगला-वाईट ओळखायचा कसा, तर त्या मेसेजमध्ये म्हटलंय "सीई शिक्का पाहा". सीई काय कोणीही छापते. आपल्याकडे ॲडॉप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, चार्जरवर आयएसचा नंबर आणि खाली आर- पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो आर-नंबर टाकला की कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूसाठी दिला ते येते. नंबर चार्जरचा नसून दुसऱ्याच कशाचा निघाला किंवा निघालाच नाही, तर दुकानातच परत द्या, घरी आणून मग मला दाखवू नका.

"गॅन चार्जरमधून रेडिएशन निघते." गॅन म्हणजे गॅलियम नायट्राईड, आतल्या स्विचिंगच्या पार्टमध्ये सिलिकॉनच्या जागी वापरतात, त्यामुळे चार्जर लहान होतो आणि कमी तापतो. बस, एवढंच.

"बोर्डाला लागून राहिला की महिन्याचं बिल शंभरनं वाढते." रिकाम्या चांगल्या चार्जरला पाव वॅटही लागत नाही, तरी पाव धरा, महिन्याचे 720 तास, झाले 180 वॅट-तास, एक युनिट 1000 वॅट-तासांचं, म्हणजे युनिटचा पाचवा हिस्साही नाही. अन् 5000 एमएएचचा मोबाईल शून्यापासून पूर्ण भरायला वाया जाणारं धरून 25 वॅट-तासांच्या आसपास लागतात, एका युनिटात चाळीस वेळा. बिल जास्त येत असेल तर कूलर, फ्रीज आणि पाण्याच्या मोटरीकडे पाहा, आणि चार्जर घेताना दुकानदाराकडून पक्कं बिल मागा, वॉरंटीत तेच कामी येते.