किचनच्या आरओचं पाणी "चालतंय की" म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी साडेसातपासून दुपारी दीडपर्यंत मी बादलीत हात घालून फिश टँकमधले दगड घासत बसले होते. जुना टूथब्रश, बादलीत टँकचंच पाणी, आणि तो हिरव्या केसाळ शेवाळाचा गुंता, ओढला की अर्धा हातात येतो आणि अर्धा दगडाच्या छिद्रात मुळं धरून तसाच राहतो. बोटं मिठाने चरचरतायत, नखांत हिरवं गेलंय ते निघत नाहीये, आणि मला पक्कं माहितीये की पुढच्या रविवारी परत हेच करायचंय. डोकं फिरलंय अक्षरशः, म्हणून लिहितेय.

तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे माझा, साधारण 190 लिटर, दोन क्लाउनफिश, थोडे झोआ (फुलांसारखी छोटी तोंडं असलेले प्रवाळ), चार-पाच मशरूम (तेही प्रवाळच). मीठ चांगलं घेतलं, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर घेतला, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतला, ग्रॅव्हिटी 1.025 वरून हलू दिली नाही. कशात म्हणजे कशात काटकसर केली नाही. फक्त पाणी कुठलं वापरू असं विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम घरी आरओ आहे ना? मग तेच वापरा, चालतंय की." मी विश्वास ठेवला. आठ महिने तेच ओतलं.

आता हे नीट वाचा, कारण हे कोणीच सांगत नाही. घरच्या प्युरिफायरमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात जे काय विरघळलेलं असतं ते, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) कंट्रोलर असतो, म्हणजे आरओच्या मेम्ब्रेनमधून, त्या बारीक गाळणीतून, न गेलेलं थोडं पाणी मुद्दाम परत मिसळलं जातं, पिताना चव लागावी म्हणून. माणसाला ते ठीकच आहे, टँकला नाही! त्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीत फेब्रुवारी संपला की टँकर सुरू, कुठल्या बोअरचं पाणी देव जाणे, टीडीएस 600 च्या वर. प्युरिफायरमधून निघतं ते 90. टँकला पाहिजे शून्य, आणि त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, लावावं लागतं. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला की रोज चार लिटर उडून जातं, पण उडतं ते नुसतं पाणी, बाकी जे काय विरघळलेलं असतं ते सगळं आतच. त्यावर मी रोज 90 टीडीएसचे चार लिटर ओतत होते. म्हणजे रोज 360 मिलिग्रॅम, महिन्याला जवळपास 11 ग्रॅम. सगळं काही त्यात नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, नसतं, मान्य. पण माझ्या अख्ख्या टँकचं फॉस्फेट 0.1 पीपीएमने (लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम) वाढायला किती लागतं माहितीये? 19 मिलिग्रॅम. चिमटीत धरता येणार नाही एवढंसं. तेवढ्यावर हे शेवाळ पोसलं जातं.

आणि सल्ले बघा मला काय मिळाले. आधी म्हणे लाइट कमी करा, दहा तासांवरून सहावर आणला. मग म्हणे खाणं कमी करा, दिवसाआड घाला, ते बिचारे दोन मासे काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत राहायचे, पोट खपाटीला गेलं एकाचं, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. मग तीन दिवस ब्लॅकआउट, सगळ्या टँकला चादर गुंडाळून, काढली तेव्हा जरा पांढुरकं पडलं होतं, आठवड्यात परत हिरवंगार. मग बाटली. शेवाळ मारायची. शेवाळ मेलं पण ते जातं कुठे, तिथेच कुजतं आणि त्याने खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडतं, मग वाळूवर लाल चिकट थर आला, तोही म्हणे शेवाळच, अहो तो सायनोबॅक्टेरिया आहे, ते शेवाळच नाहीये मुळात! त्यावर दुसरी बाटली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टेस्ट किटने फॉस्फेट शून्य यायचं, की तो दुकानदार म्हणायचा बघा मॅडम पाणी एकदम क्लीन आहे. शून्य येणारच ना, कारण जे येतंय ते शेवाळ लगेच खाऊन टाकतंय, पाण्यात उरेल काय! आणि पाणी क्लीन आहे म्हणणाऱ्यानेच त्याच दिवशी मला फॉस्फेट रिमूव्हर विकलं. आठ महिन्यांत एकदाही, एकदासुद्धा त्याने विचारलं नाही की टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्याच्या जागी ओतता त्या पाण्याचा टीडीएस किती आहे. काहीशे रुपयांचं मीटर येतं, माझ्या बाटल्यांच्या खर्चापुढे काहीच नाही ते. शेवटी माझं मीच मागवलं, ग्लासात बुडवलं, 90 आकडा बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

माझे नारिंगी झोआ वीस-बावीस तोंडांचे झाले होते. त्यांच्या मधेमधे हे केस शिरले, आधी एक-एक तोंड अर्धवट उघडायला लागलं, मग मिटलं ते मिटलंच. आता चार उरलेत. एक टर्बो गोगलगाय दगडामागे उलटी पडली होती, त्यांना स्वतःहून सरळ होता येत नाही बऱ्याचदा, मला दिसलीच नाही, वास आला तेव्हा कळलं. या सगळ्याचे पैसे कोणी देणार नाही, आणि पैशाचा प्रश्नही नाहीये, जिवंत प्राणी आहेत ते. ज्या माणसाकडे आपण माहिती विचारायला जातो त्याला एक साधा प्रश्न विचारता येत नसेल तर त्याने जिवंत माल विकू नये, सरळ गोष्ट आहे.

डीआय लावून सहा आठवडे झाले, टीडीएस शून्य. पण दगडांनी आठ महिने जे फॉस्फेट शोषून ठेवलंय ते आता हळूहळू सोडतायत, त्याला काही महिने जाणारच. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, "अजून गेलं नाही का ते?" नाही गेलं!! घासतेय, पाणी बदलतेय, सायफनने ओढून काढतेय, अजून काय करू?

संध्याकाळी लाइट लागला तेव्हा बघितलं. चारातले दोन झोआ उघडले होते. आणि सकाळी घासलेल्या मोठ्या दगडाच्या मागच्या बाजूला, जिथे ब्रश पोचतच नाही, तिथे अर्ध्या बोटाएवढा हिरवा पुंजका वेव्हमेकरच्या प्रवाहात तसाच हलत होता.