गायरानात गवतही असतं

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या गायरानावरून जुंपली आहे. गाव पन्हाळ्याच्या बाजूला. एका गटाला तिथं सौरऊर्जेचा प्रकल्प हवाय. दुसऱ्याला झाडं लावायची आहेत. तिसऱ्याची घरं तिथं आधीच उभी आहेत आणि 2022 साली उच्च न्यायालयानं गायरानातल्या अतिक्रमणांचा विषय हाती घेतल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागलाय. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत: आत्ता त्या माळावर काहीच नाही, नुसतं गवत.

मी कॅन्ससमधल्या विचिटा शहरात राहतो. तिथून पूर्वेला तासाभरावर फ्लिंट हिल्स नावाचा गवताळ टापू लागतो. माती पातळ आणि खाली चुनखडी, गारगोटी, त्यामुळं नांगर चालला नाही आणि गवत वाचलं. आपल्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचंही तेच, तिथं जांभ्यानं गवत राखलं. उत्तर अमेरिकेत पुरुषभर उंच गवताचा जो मूळ प्रदेश होता, त्यातला 4 टक्केसुद्धा आता उरलेला नाही. जो उरलाय तो बहुतेक इथं.

हिवाळ्यात या गवताकडं नीट पाहिलं की कळतं, सगळ्या पाखरांना एकसारखं गवत चालत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या लाँगस्पर नावाच्या छोट्या पाखराला गुरांनी चरून खुरटलेली जमीन लागते. चिमण्यांच्या काही जातींना उभं वाळलेलं गवत हवं, कारण बीही तिथंच आणि आडोसाही तिथंच. इथला भोवत्या (इंग्रजीत हॅरिअर, माळावरचा शिकारी पक्षी), म्हणजे आपल्याकडच्या भोवत्यांचा चुलतभाऊ, दिवसा पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून गवतावरून खालून खालून फिरतो आणि संध्याकाळी त्याच गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतो. आखूड कानांचं घुबडही तसंच. हे घुबड तर दोन्हीकडं एकाच जातीचं, थंडीत महाराष्ट्रातल्या माळांवरही येतं.

आपल्याकडं येणारे भोवत्ये मध्य आशियातून येतात. उपग्रहाला जोडलेले ट्रान्समीटर बसवून बघितलं तेव्हा त्यांचा माग थेट कझाकस्तानपर्यंत लागला. एवढं अंतर तोडून आलेला पक्षी झाडावर बसत नाही, गुडघाभर गवतात थव्यानं झोपतो. सकाळी ते उठून गेल्यावर तिथं दबलेल्या गवताचे वाटोळे खळगे दिसतात आणि शेजारी त्यांनी ओकून टाकलेल्या करड्या गोळ्या. गोळी बोटानं फोडली तर आत नाकतोड्यांच्या तंगड्या निघतात, कधी चंडोलाचं पीस. पिकावर पडणारे नाकतोडे फुकट वेचणारा हा गडी आहे, पण ग्रुपवर त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

वृक्षारोपणवाल्यांशी माझं पटत नाही, हे सांगून टाकतो. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला, तेव्हापासून मोकळा माळ दिसला की आपले हात शिवशिवतात. मग ग्लिरिसिडिया, नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. इथं फ्लिंट हिल्समध्ये याच्या उलट चालतं. लाल सीडर माजला की तो तोडायला शेतकऱ्याला सरकारी मदत मिळते, कारण झाडं वाढली की प्रेअरी चिकन नावाची रानकोंबडी तो टापूच सोडून जाते. झाडं तोडायला पैसे! ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली तेव्हा दोन हसणारे चेहरे आले आणि विषय संपला.

सौरवाल्यांचं तसं नाही. रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला दिवसा वीज मिळावी, यात चूक काय? पण त्यासाठी आख्खं गायरानच कशाला हवं? दर वेळी पहिली नजर तिथंच का जाते? कागदोपत्री माळ म्हणजे पडीक, म्हणून. कोल्हापूर संस्थानच्या काळात चित्तेवान पाळीव चित्ते घेऊन याच माळांवर काळविटांच्या मागे जायचे, तेव्हा त्याला कुणी पडीक म्हणत नव्हतं.

अमेरिकेचं सगळंच शहाणपणाचं आहे असं नाही. 1985 पासून एक सरकारी योजना आहे. शेतकऱ्यानं जमीन 10 ते 15 वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारनं त्याचं वार्षिक भाडं द्यायचं. चांगली आहे, पण मालक एकटा असतो म्हणून चालते. गायरान गावाचं, भाडं कुणाला देणार? शिवाय गुरं पोसण्यासाठी इथले रँचवाले दर वसंतात मैलोनमैल गवत एकदम पेटवतात. धूर शहरांपर्यंत जातो आणि प्रेअरी चिकनला अंडी घालायला आडोसा राहत नाही. आता काही ठिकाणी तुकड्या-तुकड्यानं जाळतात. पण निदान हिवाळाभर गवत उभं असतं. आपल्याकडं वणवे जानेवारी-फेब्रुवारीतच लागतात, भोवत्ये मुक्कामाला असतानाच.

माझ्या चुलतभावानं, जो ग्रामपंचायतीत सदस्य आहे, मला फोनवर सुनावलं, "दादा, तू तिकडं बसून गवत राखा म्हणतोस. हितं म्हशीला वैरण काय घालायची?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. गुरं चरू देत. चंडोल, तिरचिमण्या, माळटिटव्या यांना चरलेलाच माळ लागतो. कापणीही करा, फक्त सगळं एका दमात कापू नका. लांबच्या अंगाची एक पट्टी मार्चअखेरपर्यंत उभी ठेवा, मग तीही कापा आणि तेवढे दिवस काडी ओढणाऱ्याला आवरा. पट्टी दरवर्षी बदलली की कुणा एकाच्या दावणीवर भार नाही. सौर पॅनेल बसवायचेच असतील तर घरांच्या लगतच्या, आधीच तुडवलेल्या भागात बसवा.

त्यावर तो म्हणाला, "बरं, पण पट्टी कुठली सोडायची ते कोण ठरवणार? तिथं डोकी फुटतील." मी म्हटलं, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घे. पक्षी तेव्हा माळावरच असतील, सभा उठल्यावर मंडळींना घेऊन संध्याकाळी दाखवायलाही ने. "अजेंडा सरपंचाच्या हातात असतोय," तो म्हणाला, "आणि सरपंच झाडवाल्यांचा."