शब्द गेला की 'मी' जातो?

"मनात जे चालतं ते शब्दांतच चालतं. ज्याला शब्द नाही ते माणसाला जाणवत नाही. 'मी' हाही शेवटी एक शब्दच. भाषा काढून घ्या, आत कोणी उरत नाही." अशा अर्थाचा मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. दाखले ठरलेले: तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनचं एक वाक्य, एस्किमोंचे बर्फाचे शंभर शब्द, अंध-बधिर हेलन केलर, आणि शेवटी 'आपले ऋषी हेच सांगून गेलेत'. वाचायला झकास. मीही एकदा पुढे ढकलला होता.

'माझ्या भाषेच्या मर्यादा म्हणजे माझ्या जगाच्या मर्यादा' हे विट्गेन्स्टाइनचं वाक्य १९२१ सालच्या पुस्तकातलं. ते वाचून लोक समजतात की ज्याचा शब्दसंग्रह तोकडा त्याचं जगही तोकडं. पण तिथे बोलणं चाललंय ते तर्काच्या चौकटीबद्दल, काय मांडता येतं आणि काय नाही याबद्दल. त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे तो म्हणतो की सांगता न येणारं असं काही असतं, ते आपलं आपण दिसतं. पुढे त्याने स्वतःचंच बरंचसं म्हणणं मोडीत काढलं. मृत्यूनंतर १९५३ मध्ये छापून आलेल्या लिखाणात तो तीन गोष्टी शेजारी ठेवतो: माँ ब्लाँ हे शिखर किती मीटर उंच आहे, 'खेळ' हा शब्द कसा वापरतात, आणि क्लॅरिनेटचा आवाज कसा असतो. पहिली माहीत असली की सांगता येते. तिसरी? पहिल्या सुरालाच ओळखाल. पण ज्याने तो कधी ऐकला नाही त्याला लिहून कळवायला बसा. जाणणं आणि सांगता येणं यांत फट आहे, आणि ती दाखवणारा माणूस नेमका तोच आहे ज्याच्या नावावर ही फट नसल्याचा दावा खपवला जातो.

इतकं लांब जायचीही गरज नाही. एखादं नाव अगदी जिभेवर असतं आणि येत नाही. शेजारचा माणूस एकेक सुचवत जातो, आपण 'नाही, हे नाही' म्हणत राहतो. हवा तो शब्द हजर नाही. मग चुकीचे शब्द बाद कशाच्या जोरावर होतात?

बर्फाच्या शब्दांचं थोडक्यात. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने १९११ मध्ये चार मूळ शब्द दिले होते. पुढे सांगणाऱ्यागणिक आकडा फुगत गेला. एस्किमोंच्या भाषांत एका मूळ शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लावून अख्ख्या वाक्याएवढा शब्द होतो, त्यामुळे शब्द मोजण्यालाच फारसा अर्थ नाही. भाषेचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. रशियन भाषेत गडद आणि फिकट निळ्याला दोन वेगळी नावं आहेत, आणि २००७ च्या एका प्रयोगात रशियन भाषकांनी या सीमेवरच्या छटांमधला फरक किंचित लवकर ओळखला. पण इंग्रजी भाषकांनाही तो फरक दिसतच होता.

'मी' घडवतं ते व्याकरण, असंही त्या फिरणाऱ्या मजकुरात म्हटलंय. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला आपल्याला वगळलंय हे कळत नाही की काय? चांगलंच कळतं, लागतंही.

आता हेलन केलर. हा दाखला खरोखर वजनदार आहे. १९०८ मध्ये तिने स्वतः लिहिलं की भाषा शिकवणारी शिक्षिका येण्याआधी आपण आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. मजकूर इथे थांबतो. पण १९०३ मधल्या आत्मकथनात तीच बाई शिक्षिका येण्याआधीच्या, म्हणजे मार्च १८८७ च्या आधीच्या, आठवणी सांगते. पाव हवा असला की कापून लोणी लावल्याचे हातवारे करायचे. एकदा किल्लीचा उपयोग कळल्यावर तिने आईला कोठीघरात कोंडलं. आई तीन तास आत. दार बडवतेय, आणि ही बाहेर पायरीवर बसून त्या धक्क्यांची थरथर अंगाला जाणवतेय म्हणून खदखदून हसतेय. आणखी एक: लोक आपल्यासारखे हातवारे न करता ओठ हलवतात हे तिच्या ध्यानात आलं. बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये उभी राहून ती त्यांचे ओठ चाचपायची आणि काही उमगेना म्हणून चिडायची. इतरांना जमतं ते मला जमत नाही, हे 'मी' नसलेल्या कोणाला बोचेल? हातवारे म्हणजेही भाषाच, असं कोणी म्हणेल. म्हणा. पण मग ते हातवारे तिने रचले कसे, विचार आधी नसताना?

मला वाटतं १९०८ चं वाक्य खोटं नाही. भाषेने तिला दिली ती स्वतःची गोष्ट: काल, उद्या, नाव, पश्चात्ताप. ही देणगी लहान नाही. पण गोष्ट सांगता येणं वेगळं आणि जिच्यावर ती गुजरते ती असणं वेगळं. जन्मून २४ तासही न झालेली बाळं गालाला दुसऱ्याचं बोट लागलं की तोंड वळवतात, स्वतःचाच हात लागला तर बरंच कमी. हे १९९७ मध्ये तपासलं गेलंय. त्यांना कुठला आलाय शब्द!

आणि ऋषी. ते एकमताने बोलले असते तर इतकी दर्शनं झालीच कशाला असती? शब्दाची साथ नसलेलं ज्ञान जगात नाही, असं व्याकरणकार भर्तृहरी म्हणतो खरा. उलट बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या लेखी प्रत्यक्ष म्हणजे नाव-जात चिकटण्याआधीचं ज्ञान. आपल्या ज्ञानदेवांनी तर अमृतानुभवात शब्दखंडनाचं अख्खं प्रकरण लिहिलं. शब्द कामाचा, कारण तो विसरलेल्याची आठवण करून देतो. पण जिथे, म्हणजे आपल्या स्वतःच्या असण्याबाबत, विसरच नाही तिथे तो काय आठवून देणार?

हे सगळं पोथीतलं भांडण असतं तर मी गप्प बसलो असतो. माझ्या मावशीची वाचा गेली तेव्हा लोक तिच्या उशाशी बसून तिच्याबद्दल बोलत, जणू ती खोलीत नाहीच. 'आता तिला कुठे काय कळतंय.' एकदा औषधांच्या बेरजेत चूक झाली. तिने डाव्या हाताचं बोट चुकलेल्या ओळीवर ठेवलं आणि आम्ही बघेपर्यंत उचललं नाही. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा जाते तेव्हा, असं घडतं हे अभ्यासातही नोंदलंय. २००५ मध्ये तपासलेल्या रुग्णांना 'सिंहाने माणसाला मारलं' आणि 'माणसाने सिंहाला मारलं' यांतला फरक सांगता येत नव्हता, पण ५९ उणे १३ आणि १३ उणे ५९ यांतला बरोबर कळत होता.

फ्रेंच डॉक्टर ब्रोकाचा वाचा गेलेला पहिला रुग्ण लबोर्न याची तर सगळी वाणी 'तां' या एका उच्चारावर आली होती. एप्रिल १८६१ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, ब्रोकाने त्याला विचारलं, बिसेत्रच्या रुग्णालयात किती वर्षं झाली? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. ब्रोकाने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हा आपली परीक्षा घेतोय हे त्याच्या लक्षात आलं, तो भडकला, आणि 'तां' सोडून तोंडून निघणारी एकुलती एक शिवी त्याने हासडली.