‘बूट फेका, अनवाणी धावा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला गेल्या महिन्यात एका सकाळी फरशीवर रक्ताचे डाग दिसले. दारापासून देवघरापर्यंत, पावला-पावलाच्या अंतराने, ते ओळीने उमटले होते. देवघरात दाजी पूजेला बसले होते. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढा फोड फुटून कातडे लोंबत होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दाजींचे वय 61, मधुमेह 14 वर्षांचा. अठरा दिवसांपूर्वी व्हॉट्सअॅपवर आलेला एक संदेश वाचून त्यांनी चालायचे बूट कामवालीच्या मुलाला देऊन टाकले होते आणि रोज सकाळी डांबरी रस्त्यावर ते अनवाणी धावत होते.

तो संदेश बहुतेकांकडे येऊन गेला असेल. बुटांमुळेच दुखापती होतात हे हार्वर्डने सिद्ध केले आहे. जगातले थोर धावपटू अनवाणी धावतात. बुटांमुळे पावलाची कमान दुबळी होते. बूट आजच टाकून 21 दिवस धावा, त्या काळात जे दुखेल ती शरीरातून बाहेर पडणारी विषद्रव्ये समजा. आणि जमिनीच्या स्पर्शाने साखर उतरते, असे पाच दावे त्यात आहेत. क्रमाने जाण्याइतका संयम माझ्यापाशी नाही, म्हणून शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो.

चालण्याने आणि धावण्याने साखर आटोक्यात राहायला मदत होते, हे खरे आहे. परंतु ती मदत काम करणाऱ्या स्नायूंमुळे होते आणि त्या स्नायूंना पायात बूट आहेत की नाहीत याच्याशी काही देणेघेणे नसते. मधुमेह बरीच वर्षे राहिला की शरीरातल्या सर्वांत लांब नसांची टोके आधी निकामी होतात, म्हणजेच बोटे आणि तळवे बधिर होतात. त्यातच पायाकडे जाणारे रक्तही अनेकदा कमी झालेले असते, त्यामुळे जखम झालेली कळत नाही आणि कळली तरी लवकर भरत नाही. डॉक्टरांनी दाजींना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक ताठ धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. 10 ग्रॅमचा दाब पडला की हा धागा वाकतो आणि तेवढा दाबही जाणवला नाही, तर त्या जागेचे संरक्षक भान गेले असे धरतात. मी शेजारीच उभा होतो. धागा वाकलेला मला स्पष्ट दिसत होता आणि दाजी म्हणत होते, “लावा की डॉक्टर.”

यात नवे काहीच नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिले होते, की या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या जखमांनी ती जातात. बधिर पायासाठी मऊ रबराची जी एमसीआर चप्पल आज डॉक्टर लिहून देतात, तिच्यामागे हाच विचार आहे. अशा पायाला घरातसुद्धा अनवाणी राहू नये असे सांगितले जाते, आणि हा संदेश त्याला रस्त्यावर धावायला पाठवतो.

आता विषद्रव्यांविषयी. विष वाहून जावे अशी कोणतीही मोरी तळव्याला नाही. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. ती उंची एका दिवसात काढून घेतली, की पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर एकाएकी ताण येतो आणि टाचेऐवजी चवड्यावर पाऊल टाकण्याच्या नादात पावलाच्या लांब हाडांवरचा भार वाढतो. वाढलेल्या भाराला हाड जुळवून घेते, पण त्याची रीत अशी, की आधी जुना भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो. मधले काही आठवडे ते हाड पूर्वीपेक्षा नाजूक असते. त्याच आठवड्यांत दुखणे अंगावर काढून धावत राहा, असा हा सल्ला आहे. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी वेदना हेअरलाइन फ्रॅक्चरची असू शकते आणि ते सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही.

याबाबतीत एक अभ्यास पुरेसा बोलका आहे. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेहमीच्या बुटांत धावणारे 36 सवयीचे धावपटू घेतले होते. त्यांतल्या 19 जणांना 10 आठवड्यांत, हळूहळू अंतर वाढवत, पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणले गेले आणि आधी व नंतर त्यांच्या पावलांचे एमआरआय काढले गेले. 19 पैकी 10 जणांच्या पावलात किमान एका हाडाच्या आतली सूज वाढलेली आढळली. नेहमीचे बूट न सोडणाऱ्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. ही माणसे सरावातली होती आणि त्यांना 10 आठवडे मिळाले होते. दाजींना एक रात्र मिळाली. असे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवरही आरोग्याविषयीच्या दाव्यांना आधार नसल्याचा खटला झाला आणि 2014 मध्ये, चूक कबूल न करता, तिने 37.5 लाख डॉलरची तडजोड केली.

हार्वर्डच्या नावावर खपवला जाणारा निबंध 2010 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा आहे. जन्मापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर पडतात आणि त्यामुळे आदळण्याचा धक्का कमी बसतो, एवढे त्यात मोजले आहे. कोणाला किती दुखापती झाल्या याची तुलना त्यात नाही. शिवाय केनियातल्या दासनाच लोकांवरच्या 2013 मधल्या अभ्यासात नेहमी अनवाणी राहणारी माणसे आपल्या सोयीच्या वेगात धावताना बहुतेक वेळा टाचेवरच पडताना दिसली.

थोर धावपटूंमध्ये इथिओपियाचे मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला यांचे नाव असतेच. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन अनवाणी जिंकले, हे खरे. 1964 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ते बूट घालून जिंकले आणि तेही सुमारे तीन मिनिटे लवकर, हे मात्र संदेशात नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध असलेले मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी तर टायरच्या रबराच्या चपला घालून धावतात. वारकऱ्यांचा दाखला देणाऱ्यांनी पालखी मार्गावरच्या एखाद्या सेवा तंबूत तासभर बसून पाहावे. तिथे फोडांवर मलमपट्टी करून घ्यायला रांग लागलेली असते.

कमानीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने का होईना, ते मान्य करतो. 1992 साली राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 2300 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत बूट-चपला वापरणाऱ्या मुलांपैकी 8.6 टक्क्यांची पावले सपाट होती, अनवाणी वाढलेल्यांपैकी 2.8 टक्क्यांची. पण ही वाढत्या वयातल्या पावलांची गोष्ट आहे, साठी उलटलेल्या पावलांची नाही. मी स्वतः पातळ तळाच्या बुटांत धावतो. त्यांवर यायला मला आठ महिने लागले. पहिले सहा आठवडे ते केवळ घरात घालून वावरलो, त्यानंतर आठवड्यातून दोनदा, मऊ मातीवर, 400 मीटर. पोटरी धरली की त्या आठवड्यात पुन्हा जुने बूट.

दाजींची जखम वरून कोरडी दिसते आहे, एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे आणि पाय टेकायला मनाई आहे. संदेशाच्या शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ असे होते आणि दाजींनी तो अकरा जणांना पाठवला होता. ताईने त्यांच्याकडूनच ती नावे वहीत उतरवून घेतली. त्यांतल्या चौघांना मधुमेह आहे. तिघांशी तिचे बोलणे झाले. चौथ्यांना ती रोज सकाळी फोन लावते आणि घरचे सांगतात, की ते धावायला गेले आहेत.